सातूच्या ओंबीखालचा घोडा



जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, की वरून कितीही नवे कापड घाला, एखाद्या कोपऱ्यात जुना काठ डोकावतोच. घरातली म्हातारी तो काठ पाहून बरोबर सांगते, हे लुगडे कुणाचे आणि कोणत्या लग्नातले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांच्या काही चांदीच्या नाण्यांत असेच जुने काठ दिसतात. खताबियाण्यांच्या या सदरात नाणी कुठून आली, असे म्हणाल. पण ज्या नाण्याविषयी लिहितो आहे, ते शेतकऱ्यांच्याच गावचे आहे.

इटली देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर मेटापोंटम नावाचे नगर होते. ग्रीसमधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ते वसवले. दोन नद्यांच्या मधली सुपीक जमीन, आणि त्यात धान्याचे पीक. शेतीवर हे लोक इतके सधन झाले, की डेल्फीच्या देवस्थानाला त्यांनी सोन्याचे पीक वाहिले, असे स्ट्रॅबो हा जुना भूगोलकार लिहून गेला आहे. इ.स.पू. ५५० च्या सुमारास ते स्वतःची नाणी पाडू लागले, तेव्हा त्यांनी नाण्यावर राजाचा मुखवटा घातला नाही की वाघसिंह घातले नाहीत. घातली ती सातूची ओंबी, अगदी कुसळांसकट. काही नाण्यांवर ओंबीशेजारी नाकतोडा आहे. पुढच्या काळातल्या नाण्यांवर कुठे उंदीर दिसतो, कुठे नांगर. पिकाबरोबर पिकाचे शत्रूही नाण्यावर बसवणारे हे लोक मला तरी आपल्यातलेच वाटतात.

अडचण एकच होती. धान्य घरचे, पण चांदी घरची नव्हती. ती बाहेरून यायची, आणि पुष्कळदा परगावच्या नाण्यांच्या रूपानेच यायची. ग्रीसमधील कॉरिंथ हे मोठे व्यापारी नगर. तिथल्या नाण्यावर एका बाजूला पंखांचा घोडा आणि दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी. सिसिली बेटावरच्या अक्रागास नगराच्या नाण्यावर गरुड आणि खेकडा. अशी नाणी मेटापोंटमला येत. धान्याच्या मोबदल्यात ती आली असावीत असा तर्क केला जातो, आणि मला तो पटतो.

आता ही चांदी वितळवायची, तर मूस हवी, कोळसा हवा, कारागिराचा वेळ जातो आणि घट येते ती वेगळीच. त्यापेक्षा आलेले नाणे हीच तयार चकती! ऐरणीत बसवलेल्या ठशावर ते ठेवायचे, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा दणका द्यायचा. घोडा गेला, ओंबी आली. वजनाचेही फारसे अडत नसे. कॉरिंथचे नाणे साधारण साडेआठ ग्रॅमचे, मेटापोंटमचे आठ ग्रॅमच्या आसपास.

पण चांदी म्हणजे मेण नव्हे. घाव जरा हलका बसला, की जुन्या छापाची उंच कड पुरती दबत नाही. मग ओंबीच्या कडेला पंखाची रेघ उरते, कुठे शिरस्त्राणाचा बाक उरतो. नाणे उजेडात तिरपे धरून अभ्यासक नेमके तेच शोधतात.

एवढ्याशा रेघेचे काय महत्त्व, असे कुणी विचारील. या नाण्यांवर साल नसते. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे? शेतात एका तासाने दुसरा तास छेदलेला दिसला, की छेदणारा तास नंतरचा, हे तुम्ही बांधावरून सांगता. इथेही तसेच. खालचा छाप आधीचा, वरचा नंतरचा, यात वाद नाही. मधे पाच वर्षे गेली की पन्नास, ते मात्र एका नाण्यावरून कळत नाही. त्यासाठी पुष्कळ नाणी एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. अमेरिकेतील सिडनी नो या अभ्यासकाने मेटापोंटमच्या नाण्यांवर असेच चिकाटीचे काम केले आणि १९२७ व १९३१ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. शिवाय ती चांदी कुठून आली, हेही खालचा छापच सांगतो. कारागिराने ते नाणे मुशीत टाकले असते, तर यातले काहीच आपल्याला कळले नसते.

आपल्याकडेही असे घडले आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,२५० च्या आसपास नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांची घडण ग्रीक नाण्यांच्या वळणाची, आणि मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. गौतमीपुत्राने क्षहरातांचे कुळ बुडवले, असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख म्हणतो. ती राजाच्या घरच्यांनी कोरवलेली स्तुती आहे. पण चांदीवर एकावर एक बसलेले हे दोन छाप तिला साक्ष देतात.

म्हणून सांगतो, विहीर खणताना किंवा नांगरट करताना मडके लागले आणि त्यात नाणी निघाली, तर ती सोनाराकडे मोडीत नेऊ नका. चिंचेने किंवा राखेने घासू तर मुळीच नका. धुसर दिसणारी रेघ पहिल्या घासण्यातच जायची. मडके, त्याचे तुकडे, नाणी सारे एकत्र ठेवा, घरात वाटून टाकू नका. कोणत्या गटात, किती खोल सापडले ते लिहून ठेवा. तलाठी आणि तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याने सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही मानला आहे. दडवून ठेवले तर तो हक्क जातो आणि शिक्षा होते ती वेगळी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.