आणीबाणीचा धडा : एक कलम अजून अंमलाविना

दरवर्षी २५ जून आला की १९७५च्या आणीबाणीच्या आठवणी जाग्या होतात. २०२४ साली केंद्र सरकारने हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळण्याचे घोषित केले, ते उचितच झाले. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाखाहून अधिक माणसांना बंदिवास घडला, असे शहा आयोगाने नोंदविले आहे. त्यात संघाचे स्वयंसेवक होते, तसेच समाजवादी, सर्वोदयी आणि अकालीही होते. परंतु स्मरणाने कर्तव्य पुरे होत नाही. हुकूमशाही आपल्या घटनेच्या कोणत्या दाराने आत आली आणि ते दार आपण खरोखर बंद केले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक लोकशाहीप्रेमी नागरिकाने स्वतःला विचारावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जर्मनीच्या इतिहासाकडे वळावे लागते. १९१९ची वायमार राज्यघटना त्या काळातील अत्यंत उदार घटनांपैकी एक मानली जात असे. मात्र तिच्या ४८व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांना संकटकाळी मूलभूत हक्क स्थगित करण्याचा आणि अध्यादेशांनी राज्य चालविण्याचा अधिकार दिला होता. अपवादासाठी ठेवलेले हे साधन हळूहळू नित्याचे झाले. १९३०नंतर संसदेतील पक्षांना बहुमत जुळविता येईना, तेव्हा कारभार अध्यादेशांवरच चालू लागला. २७ फेब्रुवारी १९३३ रोजी संसदभवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी याच कलमाखाली नागरिकांचे हक्क स्थगित झाले. महिनाभराच्या आत, २३ मार्चला, संसदेने आपले कायदे करण्याचे अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाच्या स्वाधीन केले. विरोधात मते पडली ती अवघी ९४. म्हणजे घटना रद्द न करताच घटनेचा प्राण घेतला गेला.

हा इतिहास आपल्या घटनाकारांना अज्ञात नव्हता. ऑगस्ट १९४९मध्ये घटनासमितीत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा हरि विष्णु कामथ यांनी वायमारचाच दाखला देऊन धोक्याचा इशारा दिला होता. तरीही फाळणीच्या जखमा ताज्या असताना बहुसंख्य सदस्यांना प्रबळ केंद्रसत्ता आवश्यक वाटली आणि ‘अंतर्गत अशांतता’ हे अत्यंत सैल शब्द ३५२व्या कलमात राहिले. २५ जून १९७५च्या रात्री त्याच दोन शब्दांच्या आधारे आणीबाणी पुकारली गेली. मंत्रिमंडळाला तिची वार्ता कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ४ जुलैला संघावर बंदी आली. त्यानंतर ३८व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली, ३९व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देण्याचा प्रयत्न केला आणि ४२व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली. सारे काही घटनेच्या चौकटीत, नियमांनुसार!

न्यायसंस्थाही या कसोटीला उतरली नाही. स्थानबद्धांचे हेबिअस कॉर्पस अर्ज ऐकता येतात, असा निर्वाळा देशातील नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो फिरविला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. त्याची किंमत त्यांनी जानेवारी १९७७मध्ये मोजली. त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याकडे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९४१ साली युद्धकाळात ब्रिटनमध्ये लॉर्ड ॲटकिन असेच एकटे पडले होते. तेथेही पुढे त्यांचेच मत योग्य ठरले. खन्नांच्या मताला विजय मिळावयास मात्र २०१७ साल उजाडावे लागले, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या निकालात १९७६चा निर्णय रद्दबातल ठरविला.

अनुभवातून जर्मनीने काय शिकले? १९४९च्या मूलभूत कायद्याने मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही राज्यव्यवस्थेची मूलतत्त्वे घटनादुरुस्तीच्याही पलीकडे ठेवली. १९६८मध्ये प्रदीर्घ वादानंतर आणीबाणीची तरतूद आली, पण त्या काळातही घटनात्मक न्यायालयाच्या कार्याला बाधा आणता येणार नाही, असे बंधन घातले. पोलिसांनी स्वतःच्या अधिकारात कोणालाही अटकेच्या दुसऱ्या दिवसानंतर कोठडीत ठेवता कामा नये, हेही तेथील घटनेतच लिहिलेले आहे.

आपणही शिकलो. जनता राजवटीत १९७८ साली संमत झालेल्या ४४व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला अनिवार्य केला. दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने संमती महिन्याभरात मिळालीच पाहिजे, असे ठरविले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा २१व्या कलमातील हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. हे मोठे कार्य होते.

परंतु याच दुरुस्तीतील एक भाग अजूनही कागदावरच आहे. चौकशीविना स्थानबद्धतेसंबंधीचे २२वे कलम सुधारणारा तिचा तिसरा विभाग आजतागायत अंमलात आलेला नाही. त्यानुसार सल्लागार मंडळाच्या मताविना माणसाला डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर येणार होती. ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जाणार होते आणि त्याचा अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्तीच असणार होता. आज ही नेमणूक शासनाच्या हाती आहे. संसदेने दुरुस्ती केली, पण ती लागू करण्याची तारीख ठरविण्याचे काम शासनाकडे सोपविले. १९८१च्या अखेरीस हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने शासनाला तसा आदेश देण्यास नकार दिला. त्यानंतर अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली. मिसाखाली तुरुंगवास भोगलेले नेतेही सत्तेवर आले. अधिसूचना मात्र कोणीच काढली नाही.

दहशतवादाच्या काळात शासनाचे हात बांधू नयेत, असे यावर म्हटले जाईल. राष्ट्राच्या सुरक्षिततेविषयी आपल्यापैकी कोणीही तडजोड करणार नाही. पण हा विभाग स्थानबद्धता रद्द करीत नाही. निरपराध माणूस चुकून वा सूडापोटी पकडला गेला, तर त्याचा कागद निःपक्षपाती न्यायाधीशासमोर लवकर जावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. खऱ्या देशद्रोह्याला यामुळे सूट मिळण्याचे कारण नाही.

राजकारणातील विभूतिपूजा अधःपतनाकडे नेते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. सत्तेवर आपल्या विचारांचे लोक असतील तेव्हा अमर्याद अधिकार निर्धोक वाटतात. पण कायदा लिहिताना त्याचा वापर उद्या विरोधकांच्या हातूनही होणार आहे, हे ध्यानी ठेवावे लागते. १९७५मध्ये ज्यांच्या घरातील कर्त्या पुरुषाला मध्यरात्री उचलून नेले, त्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. पुढच्या २५ जूनला सभा, व्याख्याने अवश्य व्हावीत. परंतु त्या प्रत्येक सभेतून आपल्या खासदारापर्यंत एक मागणीही जावी, की ४४व्या दुरुस्तीचा उरलेला विभाग अंमलात आणा. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. राजपत्रातील एक अधिसूचना पुरेशी आहे.