रथकाराची दोन चाके

मुलाला वसतिगृहाच्या दारात सोडताना आपल्या समाजातील आई-वडील मनाशी एक निश्चय करून येतात : आमच्या हाती जे आले, ते याच्या हाती येऊ नये. याच्या हाती लेखणीच असावी. या निश्चयामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा आहे आणि त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक प्रस्ताव मांडत आहोत, जो प्रथमदर्शनी त्या निश्चयाच्या विरुद्ध वाटेल. आपल्या शाळेत एक सुसज्ज कार्यशाळा असावी आणि तेथे मुला-मुलींनी मिळून एक जुनी मोटार, तिचे बाजारात न मिळणारे भाग स्वतः घडवीत, पुन्हा उभी करावी.

जुनीच मोटार का? नव्या मोटारीचा भाग मोडला तर तो दुकानातून आणून बसवता येतो. त्यात शिकण्यासारखे थोडेच उरते. जिचा कारखाना बंद पडून अनेक दशके लोटली, तिचा भाग मात्र आधी समजून घ्यावा लागतो, मग घडवावा लागतो. एक साधा बोल्ट घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. जवळच्या मापाचा नवा बोल्ट एक-दोन फेरे फिरतो आणि अडतो. बळजबरी केली तर मूळ आटेच खराब होतात. पुस्तकातला पाच अंशांचा फरक मुलाला येथे बोटांनी कळतो.

पाण्याच्या पंपाचे झिजलेले बुश बदलायचे असेल, तर झीज वजा करून मूळ माप काढावे लागते. लाकडी नमुना अंतिम मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम तर शेकडा एकाहून अधिक. मग वाळूचा साचा, ओतकाम, लेथवरचे कातकाम आणि शेवटी मायक्रोमीटर. २५ मिलिमीटरच्या दांड्याभोवती साधारण ०.०२५ मिलिमीटरची फट ठेवावी, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. माणसाचा केसही याहून जाड असतो. भूमिती, टक्केवारी, उष्णता आणि घर्षण असे चार धडे त्या मुठीएवढ्या तुकड्यात एकत्र येतात.

हे केवळ हौशी श्रीमंतांचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९२२ ते १९३९ या काळात ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी, स्वस्त मोटार निघत असे. पुढे तिचे जुने सांगाडे अल्प किमतीत मिळू लागले आणि बेताच्या उत्पन्नाचे तरुण घरामागच्या शेडमध्ये त्यांवर स्वतः घडवलेले पत्रे आणि भाग बसवून नव्या गाड्या तयार करू लागले. अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये अशीच गाडी केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लोटस’ने पुढे फॉर्म्युला वन शर्यतींची सात विश्वविजेतेपदे मिळवली. आपल्याकडेही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि लेथ यांच्या भोवती जे कौशल्य साठले आहे, ते कोणत्याही विद्यापीठाने अभिमान बाळगावा असे आहे.

आता खऱ्या आक्षेपाकडे येऊ. ‘हातकाम पुन्हा आमच्याच मुलांच्या वाट्याला का?’ हा प्रश्न रास्त आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. काम जन्माने लादले गेले. ते करणाऱ्याला ज्ञान नाकारले गेले, आणि ज्याला ज्ञान मिळाले त्याने कामाला हात लावणे कमीपणाचे मानले. यात दोघांचेही नुकसान झाले, पण अपमान मात्र एकाच्याच पदरी पडला. आम्हांला जी कार्यशाळा हवी आहे ती ही फारकत मोडणारी. तेथे आराखडा काढणारा हात आणि कानस धरणारा हात एकच असेल. गणितात पहिला येणारा मुलगाही तेथे कानस धरेल आणि अभ्यासात मागे असलेला मुलगाही तेथे मापन आणि गणित करील. ‘अभ्यासात कच्चे’ म्हणून काही मुलांना वेगळे काढून तेथे पाठवले जाणार असेल, तर ती कार्यशाळा न झालेलीच बरी.

धम्माच्या परंपरेला कारागीर परका नाही. अंगुत्तर निकायात पचेतन राजाच्या रथकाराची कथा आहे. सहा महिन्यांनी युद्ध होणार होते. रथकाराने एक चाक सहा दिवस कमी सहा महिन्यांत केले आणि दुसरे उरलेल्या सहा दिवसांत. दिसायला दोन्ही सारखीच. फिरवून सोडली तेव्हा घाईचे चाक वेग होता तोवर गेले, गिरकी घेऊन कोसळले. दुसरे मात्र आसात बसवल्यासारखे उभे राहिले. पहिल्याच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा राहून गेला होता. लाकडातला वाकडेपणा ओळखणारा तो रथकार मीच होतो, असे सांगून भगवंतांनी भिक्षूंना काया, वाचा आणि मन यांतला वाकडेपणा काढण्यास सांगितले. परीक्षेच्या तोंडावर सहा दिवसांचे पाठांतर करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट उपदेश कोणता हवा? गुणपत्रिका काही काळ फसू शकते. चुकीच्या मापाचे बुश मात्र पहिल्याच फेऱ्यात कुरकुरते.

आणि मिलिंद राजाला भदन्त नागसेनांनी विचारलेला प्रश्न तर या मोटारीजवळच शिकवावा : आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? निम्मे भाग मुलांनी बदलल्यावर ती जुनीच मोटार म्हणायची की नवी, यावर नववीचा वर्ग तासभर वाद घालील. बाबासाहेबांनी मराठवाड्यातील आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, ते असे निर्भयपणे प्रश्न विचारले जावेत म्हणूनच, असे आम्ही मानतो.

काही मर्यादा आम्ही आधीच सांगतो. ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे भाग मुलांनी घडवू नयेत. तेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. गाडी शाळेच्या आवारातच राहावी. डोळ्यांना चष्मा आणि शेजारी जाणता कारागीर असल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये. मुलींना निम्म्या जागा असाव्यात; त्यांना केवळ रंगकामावर बसवू नये. त्या कारागिराला ‘सर’ म्हणूनच हाक मारली जावी आणि शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची असावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज कारखान्यांत, रेल्वेत, एस. टी.च्या आगारांत काम करतात. त्यांनी देणगीपेक्षा महिन्याचा एक रविवार द्यावा. जुना लेथ, एक सांगाडा आणि तीन वर्षांचा धीर एवढे भांडवल पुरेसे आहे. आणि पालकांना आमची विनंती आहे, की मूल सुट्टीत घरी आल्यावर त्याच्या नखांत काळे तेल दिसले तर कष्टी होऊ नये. त्या भागाचे माप काय होते, हे त्याला विचारावे. त्याला ते सांगता आले, तर लेखणी त्याच्या हातून सुटलेली नाही, एवढे निश्चित समजावे.