युरोपच्या वाटेवरील शिदोरी

रत्नागिरींतील आमचे एक स्नेही सपत्नीक, मित्रमंडळीसह युरोप पाहावयास निघाले आहेत. वहिनींनीं तूप, पेढे व हापूसची पेटी बांधावयास घेतली. समुद्रयान शास्त्रकारांनीं कलिवर्ज्यांत गणिलें. आतां प्रवाशास मोकळीक, निषेध तो शिदोरीस! युरोपीय संघांत बाहेरून दुग्धजन्य पदार्थ, अर्भकांचें दूध वगळतां, नेतां येत नाहींत. आंब्यास वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो. नसल्यास पेटी जकातनाक्यावरच गेली म्हणून समजावें. फळमाशीपायीं २०१४ च्या मेपासून कांहीं महिने तर भारतीय हापूस तेथें बंदच होता. नारळ, केळीं, अननस, खजूर यांस मात्र दाखला नको. कोंकणचा नारळ तरला म्हणावयाचा! तेथें शाकाहारी मंडळींनीं चीजविषयीं अवश्य विचारावें. इटलीचें पार्मेजानो करतांना दुधांत वासराच्या जठराचा अर्क घालतात. तें किसून पदार्थावर घालूं नये, असें आधींच सांगावें.