स्थळ बघतात तसं?

परवा पुण्याहून आईचा फोन. नात इथे न्यू जर्सीत बारावीला, त्यामुळे प्रश्न ठरलेला, "काय रे, तिथे किती टक्क्यांना ॲडमिशन बंद होते?" म्हटलं, "अगं, इथे नुसते मार्क नाही बघत. निबंध, शिफारसपत्रं, खेळ, स्वभाव, घरची परिस्थिती... सगळा माणूस बघतात." आई म्हणाली, "म्हणजे स्थळ बघतात तसं?"

हसलो खरा, पण होलिस्टिक ॲडमिशनचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं!

घराणं बघतातच की. हार्वर्डवरच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले, त्यात तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, बाकीच्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना. त्याच खटल्यातली दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. अर्जदारांच्या स्वभावालाही तिथे गुण देतात. आशियाई मुलांना हे गुण सरासरीने कमी. आणि ते कमी देणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींनी बहुतेक मुलांना पाहिलेलंही नव्हतं! प्रत्यक्ष मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र त्यांच्यात तसं काही उणं दिसलं नव्हतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार बंद केला. घराण्याचा विचार त्या निकालात नव्हताच.

मुळात ही पद्धत आली कुठून? १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी पाचव्या हिश्श्याच्या वर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांना त्यांच्यावर मर्यादा हवी होती. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला. मग १९२६ पासून 'चारित्र्य' बघायला सुरुवात झाली, अर्जाला फोटोही लावायचा! परीक्षेत कोण पुढे गेलं ते लपवता येत नाही, चारित्र्यात कोण मागे पडलं ते मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग आपली जेईई बरी का? एका दिवसाच्या पेपरावर पोरांचं आयुष्य टांगायचं? नाही हो, त्याचंही कौतुक नाही मला. गरिबाघरच्या, नोकरी करून शिकणाऱ्या पोराचे मार्क वेगळ्या नजरेने बघायलाच हवेत. बघा ना! पण कशाला किती वजन ते आधी सांगा, आणि नाही म्हणालात तर का ते लिहून द्या. आमच्या वेळी यादी भिंतीवर लागायची. दोन मार्कांनी हुकलं की रडू यायचं, पण कशाने हुकलं ते कळायचं. इथे येतं ते गोड भाषेतलं पत्र, थेट 'पत्रिका जुळत नाही'च्या चालीवरचं.

असो. लेक गेले दोन आठवडे निबंधाशी झटतेय. काल रात्री म्हणाली, "बाबा, माझ्या आयुष्यात काही वाईट झालंच नाहीये. मी लिहू काय?"

मी तिला म्हटलं, आजीला फोन लाव.