वॉर्डातले चित्रीकरण आजच थांबवा

सिस्टर, ब्रदर, नर्सिंगचे विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक, सर्वांना कळकळीचे आवाहन.

वॉर्डात, लेबर रूममध्ये, अगदी अतिदक्षता विभागातही रील काढल्या जात आहेत. कुणी नवजात बाळाला घेऊन उभे असते, कुणी बेशुद्ध रुग्णाच्या खाटेशेजारी. बहुतेकांच्या मनात वाईट काही नसते. कामाचा अभिमान असतो, ड्युटीचा शीण घालवायचा असतो. पण ज्याने विश्वासाने स्वतःला आपल्या हवाली केले, त्याला कोणी विचारलेले नसते.

चेहरा झाकला म्हणजे झाले, असे समजू नका. हातावरचे गोंदण, मागच्या मॉनिटरवरचे नाव, गणवेशावरचे रुग्णालयाचे नाव आणि ‘आज रात्रीची केस’ एवढ्यावर तालुक्याच्या गावात माणूस ओळखू येतो. कोणाच्या मुलीने विष घेतले, हे सकाळी गल्लीभर होते. ती बरी होऊन घरी येते, तेव्हाही व्हिडिओ फिरतच असतो. तो पाहिलेले दुसरे घर अशा वेळी दवाखाना गाठायला कचरते, आणि तो उशीर जिवावर बेततो.

रुग्ण ‘हो’ म्हणाला, हेही पुरेसे नाही. जिच्याकडून इंजेक्शन घ्यायचे, जिला रात्री हाक मारायची, तिला तो ‘नको’ कसा म्हणेल?

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्याच कायद्याने मनाई केली. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नावच नव्हे, तर तिची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध केला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात बलात्कार करून हत्या झालेल्या डॉक्टर तरुणीचे नाव आणि छायाचित्रे समाजमाध्यमांवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

म्हणून विनंती :

१. जुन्या रील, स्टेटस आणि पोस्ट तपासा. रुग्ण, त्याची खाट किंवा केस पेपर दिसत असेल, तर ते काढून टाका.

२. उपचारासाठी रिपोर्ट पाठवावाच लागला, तर रुग्णालयाच्या नियमांनुसार, नाव झाकून, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पाठवा. काम होताच गॅलरीतूनही पुसा.

३. आरोग्यशिक्षणाचे व्हिडिओ जरूर करा. ते रिकाम्या खोलीत, सरावाच्या पुतळ्यावर करा.

४. अपुरे मनुष्यबळ, मारहाण, थकलेला पगार यांविरुद्ध ठामपणे बोला. मात्र पुरावा म्हणून रुग्णाला पुढे करू नका.

५. मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर, विद्यार्थ्यांना वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी हे नियम सांगा.

६. नातेवाइकांनो, शेजारच्या खाटा टिपू नका. ‘सिस्टर, फोटो पाठवा’ असा आग्रह धरू नका. असा व्हिडिओ आला, तर पुढे न पाठवता रुग्णालयाला कळवा.

हे वाचून होताच फोन उघडा आणि पहिल्या विनंतीपासून सुरुवात करा. मग हे आवाहन आपल्या वॉर्डाच्या ग्रुपवर पाठवा. उद्याच्या ड्युटीआधी एवढे होऊ शकते, आणि ते व्हायलाच हवे.

– एक परिचारिका