जुन्या गाडीची नाडीपरीक्षा

वापरलेली एसयूव्ही घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांस आमची पहिली सूचना अशी की, एंजिन पूर्ण थंड असतानाच ते सुरू करवून ऐकावे. तापलेले एंजिन पुष्कळ दोष झाकून ठेवते.

आरंभी दोनचार सेकंद टॅपेटची टकटक होऊन थांबली, तर चिंता नको. तेल वर चढावयास तेवढा अवकाश लागतोच. एंजिन तापल्यावरही ती चालू राहिल्यास प्रथम तेलाची पातळी व दाब तपासावा.

पेट्रोलचे एंजिन ‘मिसिंग’ करीत असेल, तर सुटे भाग सरसकट बदलू नयेत. स्कॅनरवर ‘पी ०३०३’ उमटल्यास दोष तिसऱ्या सिलिंडरात समजावा. त्यावरील इग्निशन कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवून गाडी पुन्हा चालवावी. आता ‘०३०२’ दिसले तर कॉइलच दोषी; न दिसल्यास प्लग, मग इंजेक्टर, असा क्रम ठेवावा.

परंतु टकटक व मिसिंग एकाच सिलिंडरात आढळल्यास ती दोन दुखणी नसून बहुधा एकच असते. डॉज व जीप गाड्यांच्या ५.७ लिटर ‘हेमी’ एंजिनांत टॅपेटचा रोलर अडकून कॅमशाफ्ट खरवडला जातो, व झडप पुरती उघडत नाही, हे जाणत्या कारागिरांस ठाऊक आहे. तेथे कॉम्प्रेशन मोजल्यावाचून पैसे मोजू नयेत.

कॉइलसाठी सौदा मोडण्याचे कारण नाही. कॅमशाफ्टसाठी मात्र एंजिनच उघडावे लागते, म्हणून तेथे भीड धरू नये.