जाड चेनचा मोह

चंडीगडला लागूनच असलेल्या मोहालीत,  इंडस्ट्रियल एरियाच्या फेज ९ मध्ये, ट्रॅक्टरची डिझेल इंजिने बनवणारा स्वराज इंजिन्सचा कारखाना आहे. मराठी वाचकाला या कारखान्याबद्दल आपलेपणा वाटण्याचे कारण म्हणजे १९८५ साली ही कंपनी उभी करताना पंजाब ट्रॅक्टर्सच्या जोडीला पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स होती. ट्रॅक्टरच्या अशा इंजिनाचे काम साधारण २,००० आरपीएमच्या आसपास चालते. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, क्रँकच्या जवळच बसतो आणि टायमिंग मोजक्या गिअरवर भागते. तिथे मजबुती पाहून भाग निवडणे अगदी रास्त आहे.

हाच हिशोब ८,००० आरपीएमच्या कारला लावला की गणित चुकते. परफॉर्मन्स इंजिन बांधायला आले की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो तो ‘डबल चेन बसेल का?’ हा. त्यामागची भीती खरी आहे. क्रँकवरून कॅम फिरवणारी ही चेन तुटली किंवा दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि एका क्षणात हेडची वाट लागते. पण जाड चेन म्हणजे सुरक्षित चेन, हा समज एकदा कागदावर तपासून पाहायला हवा.

क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात आणि चेनचा पिच ८ मिमी धरू. ८,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १३३ फेरे घेतो, म्हणजे चेन सेकंदाला २१ मीटरहून अधिक वेगाने पळते. सिंगल चेनचे वजन मीटरमागे ०.४ किलो धरले, तर निव्वळ या वेगामुळे चेनमध्ये सुमारे १८० न्यूटन ताण निर्माण होतो. कॅम फिरवायचे काम अजून सुरूही झालेले नाही. ६,००० आरपीएमला हाच आकडा सुमारे १०० असतो. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि ताण पावणेदोन पट झाला, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आता डबल चेन लावा. वजन दुप्पट, म्हणून हा ताणही दुप्पट, साडेतीनशे न्यूटनच्या पुढे. पिन लांब आणि बुशांची संख्या दुप्पट झाल्याने तो वाटला जातो हे खरे, पण वाढलेल्या आरपीएमचा भार हलका करण्यात त्या जाडीचा काहीच उपयोग होत नाही. उलट थरथरणारे वस्तुमान वाढते आणि ते आवरायचे काम टेन्शनर आणि गाइडच्या गळ्यात पडते.

मग गिअरच का नकोत? कॉसवर्थने १९६७ साली डीएफव्ही हे रेसिंग इंजिन आणले तेव्हा कॅमसाठी गिअरच वापरले होते. झांडवोर्टच्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क जिंकला. त्याच शर्यतीत ग्रॅहम हिलची गाडी मात्र टायमिंग गिअरचे दात तुटून बंद पडली. क्रँकमधून येणारे पिळाचे हादरे ताठ गिअर जसेच्या तसे पुढे नेत होते. कीथ डकवर्थने पुढे त्या गिअरच्या आत बारीक, पीळ घेणाऱ्या दांड्या बसवल्या. म्हणजे नऊ हजारांवर चालणाऱ्या इंजिनात मुद्दाम थोडा लवचीकपणा आणावा लागला.

होंडाने १९९९ च्या एस२००० मध्ये वेगळी तडजोड केली. सायलेंट चेन मधल्या गिअरपर्यंत आणि तिथून कॅम गिअरवर. या इंजिनाची मर्यादा ९,००० आरपीएम. त्याआधी होंडाच्याच १९९७ च्या सिव्हिक टाइप आरने ८,२०० आरपीएमला १८५ अश्वशक्ती दिली होती, आणि तीही रबरी बेल्टवर. फेरारी मात्र एफ३५५ आणि ३६० मधला बेल्ट सोडून एफ४३० मध्ये चेनकडे वळली. फोक्सवॅगनने उलटी वाट धरली. ईए१११ मालिकेतल्या टीएसआय इंजिनांची चेन सोडून ईए२११ मध्ये बेल्ट आणला. चाकणला बनणाऱ्या टायगन आणि व्हर्टसमध्ये आज तोच आहे. एवढे नामांकित अभियंते एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देतात, तेव्हा उत्तर एकट्या चेनमध्ये नाही हे उघड आहे.

चेनचा प्रकार निवडताना पाहायचे ते सांध्यातले क्षेत्रफळ. रोलर नसलेल्या बुश चेनमध्ये त्याच पिचला पिन जाड ठेवता येतो, भार मोठ्या पृष्ठावर पसरतो आणि झीज कमी होते. सायलेंट चेन दातांत अलगद बसते, पण तिच्या सांध्यांना तेल स्वच्छच लागते. पिच लहान केला की त्याच व्यासात जास्त दात बसतात. २० दातांवर चेनचा वेग प्रत्येक दाताला सव्वा टक्क्याने खालीवर होतो, तर २४ दातांवर एक टक्क्याहूनही कमी. ही बारीक धडधड सेकंदाला अडीच हजारांहून अधिक वेळा होते, हे लक्षात घेतले की चार दातांची किंमत कळते.

‘चेन ताणली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पोलाद ताणले जात नाही, सांधे झिजतात. प्रत्येक सांध्यात ०.०४ मिमी झीज झाली की ८ मिमी पिचची चेन अर्धा टक्का लांबते. क्रँक ते कॅम हा ताणलेला पट्टा ३०० मिमीचा असेल तर तिथे दीड मिमीचा फरक पडतो, आणि ४० दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर कॅम क्रँकच्या मापाने सुमारे साडेतीन अंश मागे पडतो. जास्त लिफ्टचा कॅम बसवलेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांच्यातली फट त्याने आणखी कमी होते. बांधणीच्या वेळी ती फट काठावर ठेवली असेल तर धोका इथे आहे.

या झिजेचा मोठा वाटा तेलात आहे. थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत काजळी तेलात उतरते आणि पिन घासते. म्हणूनच २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जात चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी घातली गेली. महागडी चेन बसवून जुन्या दर्जाचे तेल ओतणाऱ्या गॅरेजने डब्यावरची ही दोन अक्षरे आधी वाचावीत. हलका फ्लायव्हील बसवताना क्रँक पुलीतला डॅम्पर काढून टाकण्याची फॅशनही थांबायला हवी. जे हादरे तो गिळत होता, ते तो गेल्यावर चेनवर येतात. टेन्शनरही नेहमी नवाच हवा आणि त्याला तेल पोचवणारे भोक साफ केलेले हवे. घट्ट कसलेला मॅन्युअल टेन्शनर चेनला शिस्त लावतो खरा, पण गाइडचे प्लॅस्टिक तितक्याच वेगाने खातो.

चाकणला बनलेले केटीएम ३९० चे इंजिन घेऊन फॉर्म्युला भारतमध्ये उतरणाऱ्या विद्यार्थी संघांपासून ते जुन्या सिव्हिकवर रात्र काढणाऱ्या मेस्त्रींपर्यंत सगळ्यांच्या हातून चेन निघतात आणि मोजमाप न करताच भंगारात जातात. त्या फेकण्यापूर्वी सपाट फळीवर सरळ ताणून २० कड्यांची लांबी व्हर्नियरने मोजावी. ८ मिमी पिचची नवी चेन १६० मिमी भरते. १६०.८ भरली तर ती अर्धा टक्का लांबली आहे. सोबत तेलाचा दर्जा, चाललेले किलोमीटर आणि टेन्शनर किती बाहेर आला होता हे लिहून वाचकांनी मासिकाकडे पाठवावे. पुरेशा नोंदी जमल्या की त्या पुढच्या अंकांत छापल्या जातील.